तक्रार नोंदवायची कशी: फॉर्म की बोलणं?

पुण्यात सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा आमचा धंदा. तक्रारी आधी गूगल फॉर्मवर घ्यायचो. आता गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर मोकळेपणी बोलू देतो, त्या व्हॉइस मेसेजचा मजकूर होतो आणि एआय त्यातून कामाचं तेवढं बाजूला काढतं.

हिशेबाला फॉर्मच बरा, हे आधीच मान्य करतो. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की शुक्रवारी खालची टाकी कोरडी, मोटर तशीच फिरत राहते आणि सील जळतं. असे किती कॉल वारज्यातून आले, किती कर्वेनगरातून, हे शीटला फिल्टर लावला की समोर.

फॉर्मवरून माझं मन उडालं ते ‘पाणी चढत नाही’ या पर्यायामुळे. (‘इतर’ दाबून मोकळे होणारे वेगळेच.) मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, तर मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर बहुधा गेलेला. मोटर फिरते पण पाणी ओढत नाही, तर पाइपात हवा धरलीय किंवा फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय. फॉर्मवर दोघांचीही टिक एकाच ठिकाणी! मेकॅनिक कपॅसिटर घेऊन सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून धायरीला पोचणार आणि फुटव्हॉल्व्हसाठी तसाच परत येणार.

याउलट कोथरूडच्या एक काकू बोलल्या, “अहो, काल टाकी धुऊन घेतली, तेव्हापासून मोटर नुसतीच फिरतीये.” बिघाडाचं निदान तिथेच झालं: टाकी रिकामी झाली तेव्हा हवा धरली. टाकी कधी धुतली, हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. घालता आला असता म्हणा, पण प्रश्न वाढले की लोक फॉर्म अर्धवट सोडून थेट फोन लावतात, असा आमचा तरी अनुभव.

बोलण्याच्या पद्धतीतही खोट आहेच. एआयला रिकामा रकाना बघवत नाही. गिऱ्हाइकाने एचपीचं (मोटरच्या ताकदीचं) नावही काढलेलं नसतं, तरी नोंदीत ‘१ एचपी’ हजर. म्हणून ‘सांगितलं नसेल तर कोरं ठेव’ अशी सक्त सूचना लागते, आणि नोंदीशेजारी गिऱ्हाइकाचं मूळ वाक्य. शंका आली तर सरळ फोन करावा. मेसेजचा ढीग देऊन ‘यात सील जळाल्याचे किती?’ असंही एआयला विचारू नये. आधी रकाने काढून घ्यावेत, मोजणी शीटमध्ये. आणि आवाज साठवणार असाल तर तसं आधी सांगून परवानगी घ्या, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा भर संमतीवरच आहे.

दिवसाला दोन-चारच कॉल येत असतील तर दोन्ही सोडा, वही पुरे. त्याहून जास्त असतील तर, तुमचा धंदा तुम्हाला जास्त कळतो, पण मी पत्ता तेवढा ठरावीक विचारेन आणि बिघाड गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकेन. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तारखा आणि जीएसटीचं बिल मात्र रकान्यांतच राहू द्या.