ऑइल प्रेशरचा काटा पडला आणि माझे ४१,१०० रुपये गेले

गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण देवगड ते कणकवली पट्ट्यात जुनी डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

माझी ट्रॅक्स २००३ ची. बाबांनी नवी घेतली, तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पोच होतं. मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं इंजिन. आमच्या घरात ते आजवर एकदाही उघडलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वर्षभर वडाप (प्रवासी वाहतूक) आणि एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या, यावर आमचं घर चालतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शिरगावच्या पुढे ऑइल प्रेशरचा काटा एकदम शून्यावर आला. दोन सेकंदांत परत वर. खड्ड्यात चाक गेलं की खाली, सरळ रस्त्याला वर. गाडी बाजूला घेऊन बंद केली. डिपस्टिक काढली, ऑइल खुणेवर होतं, डिझेलचा वास नव्हता. खालून ठकठक नव्हती. इथपर्यंत मी सगळं बरोबर केलं होतं आणि इथेच थांबून डोकं चालवलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. खरंच प्रेशर गेलं तर काटा असा उड्या मारत नाही. ऑइल गरम झालं की आयडलला तो हळूहळू खाली बसतो आणि रेस दिली की उठतो. क्षणात शून्य आणि क्षणात जागेवर, हे बहुतेक वेळा वायरीचं दुखणं असतं. आमच्या खाऱ्या हवेत वायरीचं टोक आणि अर्थिंगची पट्टी कशी हिरवी पडते हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण गाडीत ६० पेट्या होत्या आणि बागायतदाराचा फोन वाजत होता.

महामार्गालगतच्या त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं कान लावला. "दादा, बेअरिंगा गेली हत. अशीच चालवलात तर क्रँक जातलो." क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा आणि बेअरिंग म्हणजे तो ज्यांवर फिरतो त्या पट्ट्या. मी म्हटलं, आवाज तर नाही. "आज नाय, उद्या येतलो." एवढ्यात त्याच्या पोराने हेडलाइट लावून बघितले आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा खाली आला. हेडलाइट लावल्यावर बेअरिंग झिजत नाही! अर्थिंग खराब असली की असं होतं. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

२०,००० आगाऊ मागितले. दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाच्या नंबरवर पाठवायला लावले. पतपेढीतून उचलून पाठवले.

तिसऱ्या दिवशी गेलो तर गाडी ताडपत्रीखाली. क्रँक घासायला कोल्हापूरला गेलाय म्हणाला. मग टेबलाच्या खणातून बेअरिंगची एक अर्धगोल पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. आतून पार ओरखडलेली, तांबं दिसत होतं. "ही बघा तुमच्या गाडीची हालत." माझा हात थरथरला. मी मोबाइलवर तिचे फोटो काढले, बायकोला दाखवायला, कारण पैसे एवढे का लागतायत हे तिला सांगायचं होतं. आतून एक काढला, उलटी करून मागून एक. मागे बारीक अक्षरात ०.५० कोरलेलं होतं. मी ते वाचलं. वाचलं आणि पट्टी त्याच्या हातात परत दिली.

०.५० म्हणजे अर्धा मिलिमीटर अंडरसाइज. क्रँक आधी घासलेला असेल तरच तेवढी जाड पट्टी बसते. न उघडलेल्या इंजिनात पट्टीवर स्टँडर्ड साइजचीच खूण असणार. म्हणजे ती पट्टी माझ्या गाडीची नव्हतीच. बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस मी. एवढं मला कळतं, आणि त्या दिवशी कळलं नाही. घरी हे सांगताना मान वर होत नव्हती. कुणी म्हणेल, एवढंही समजलं नाही? त्याला एकच सांगतो, भर सिझनमध्ये गाडी सहा दिवस बंद ठेवून बघा, मग बोला.

सहाव्या दिवशी साध्या कागदावर बिल मिळालं. क्रँक घासणे ६,५००, मेन आणि बिग एंड बेअरिंग ७,८००, ऑइल पंप ५,४००, गॅस्केट सेट २,३५०, ऑइल ७ लिटर २,८००, फिल्टर ४५०, कोल्हापूरचं भाडं १,८००, मजुरी १४,०००. एकूण ४१,१००. ना शिक्का, ना जीएसटी नंबर. उरलेले २१,१०० रोख दिले. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले." जुने पार्ट भंगारात गेले असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. तिथेच उभे राहा. इंजिन वरून धुऊन चकाचक केलं होतं आणि काटा स्थिर होता. मी खूश होऊन घरी आलो.

२३ दिवसांनी काटा पुन्हा पडला.

या वेळी जामसंड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी काट्याला प्रेशर कळवणारं युनिट काढलं, त्या भोकात थेट दाब मोजणारा नळीचा मीटर लावला आणि इंजिन गरम होईपर्यंत थांबले. गरम आयडलला दीड किलो, रेस दिल्यावर साडेतीन. तब्येत ठणठणीत. मग खाली सरकले आणि मलाही बोलावलं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, बोल्टांवर वर्षानुवर्षांच्या लाल मातीचा दगडासारखा थर होता. एकाही बोल्टाला पाना लागल्याची खूण नव्हती. "झिला, ह्येचो चेंबर कोणी खोलूकच नाय." चेंबर न उतरवता क्रँक काढला म्हणे! त्या गॅरेजवाल्याने फक्त वायरीचं टोक घासून परत बसवलं होतं. नवं युनिट ३५० रुपये, अर्थिंगची पट्टी आणि मजुरी ३००. माझा आजार ६५० रुपयांचा होता. मी ते काम आणि ते पैसे कधी विसरणार नाही.

त्यांनी सांगितलेला क्रम पाठ करा: आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड, मग वायर आणि अर्थिंग, मग नळीचा मीटर. मीटरवर खरंच प्रेशर कमी आलं तर फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का बघायची. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडणाऱ्या झडपेत) कचरा अडकलाय का, चेंबरातली जाळी चोंदलीय का, पंप झिजलाय का. बेअरिंग सगळ्यात शेवटी. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर त्यात डिझेल उतरतंय, तेही प्रेशर पाडतं. मात्र काटा पडला आणि खालून ठकठकही येत असेल तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका, टोचन करून आणा.

आता पोलीस. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देईनात. दीड तास बसलो तेव्हा शिक्का मिळाला. तिसऱ्या खेपेला "हा दिवाणी मामला आहे, गॅरेजवाल्याशी मिटवून टाका." मी बोल्टांचे फोटो, पट्टीचे फोटो, बिल, पैसे पाठवल्याची नोंद सगळं टेबलावर मांडलं. कुणी फोन हातातही घेतला नाही. न केलेल्या कामाचे पैसे खोटं दाखवून घेतले, तर भारतीय न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी आहे? उलट मलाच विचारलं, तुम्ही पैसे का दिले? चौथ्या खेपेला तो गॅरेजवाला आत चहा पीत बसला होता. त्या दिवशी मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि मला स्टार्टर मारता येईना. माझे तीन दिवसांचे वडाप त्या बाकावर गेले.

परिवहन कार्यालयात म्हणाले, दुरुस्ती आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीची चौकशी केली तर तिथल्या बाबूने वाऱ्यावर सोडलं, "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही." हे चूक आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्याची धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि आपण दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हे सगळं मला वकिलाने सांगितलं, खुर्चीवर बसलेल्या एकानेही नाही. तक्रार दाखल केली आहे.

परवा स्टँडवर एका बोलेरोवाल्याला पट्टीचा फोटो दाखवला तर तो गप्पच झाला. गेल्या पावसाळ्यात त्याच गॅरेजमध्ये त्याच्याही हातावर बेअरिंगची पट्टी ठेवली होती, त्याच खणातून काढलेली. माझ्या फोटोत पट्टीच्या कडेला, खाचेच्या अगदी जवळ, एक तिरका खोल ओरखडा आहे. त्यालाही तो आठवतो, पण त्याच्याकडे फोटो नाही. तुमच्याकडे असेल तर घेऊन या. पुढच्या तारखेला मला तो फोटो सोबत हवा आहे.