खरं लॉन की कृत्रिम गवत?

मैत्रीण अडलीये: अंगणात खरं लॉन लावू की कृत्रिम गवत अंथरू?

खर्च कृत्रिमचा जवळपास सगळा सुरुवातीलाच, खऱ्याचा पाणी-खत-कापणीत झिरपत राहतो. 'देखभाल शून्य' वगैरे विसरा. कृत्रिमवरचा पालापाचोळा झाडावाच लागतो आणि घरात कुत्रा असेल तर धुवायलाही लागतं, नाहीतर वास मारतो.

खरा फरक उन्हात कळतो. भर दुपारी प्लॅस्टिकची पाती अशी तापतात की अनवाणी पाय टेकवत नाही. खरं गवत पात्यांतून बाष्प सोडतं, म्हणून गार राहतं. तुडवलं तरी पुन्हा फुटतं; कृत्रिम झिजलं की बदलायचंच.

ऊन, पाणी आणि खेळणारी मुलं असतील तर खरं लॉनच लावा. सावलीतली बाल्कनी असेल तर कृत्रिम. तिथे खरं विरळ होत जातं.