आजाऱ्यांच्या भेटीचा संच: वॉर्डात कोणता टिकतो?

कॅथलिक तरुणाच्या गुरुदीक्षेची, म्हणजे धर्मगुरू (फादर) होण्याच्या विधीची, तारीख ठरली की नातेवाईक भेटवस्तू शोधायला लागतात, आणि वसई-वांद्र्याच्या धार्मिक वस्तूंच्या दुकानांत त्यांच्यापुढे हमखास आजाऱ्यांच्या भेटीच्या सामानाची मखमली अस्तराची पेटी उघडली जाते. आत क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाण्याची बाटली, कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर नेण्यासाठी, पिक्स नावाची डबी, तेलाची डबी, घडी घातलेला स्टोल (विधीच्या वेळी फादर गळ्यात घालतात तो पट्टा) आणि एक पांढरा रुमाल. दिसायला देखणी, द्यायला शोभिवंत. धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) घरोघरी आजाऱ्यांना भेटणाऱ्या फादरांना ती चालतेही, कारण घरी टेबल असतं, त्यावर पांढरं कापड अंथरलेलं असतं, मेणबत्ती लावायला कुणाची ना नसते. त्याच फादरांची नेमणूक इस्पितळात चॅप्लिन, म्हणजे तिथल्या रुग्णांचे धर्मगुरू, म्हणून झाली की यातली निम्मी पेटी कपाटात जाते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: ही लाकडी पेटी, चेन लावलेला चामडी किंवा रेक्झिनचा पाउच, आणि सुट्या वस्तू. तिन्ही इथे इस्पितळाच्या कामाच्या हिशेबाने तोलल्या आहेत. ते काम दोन तऱ्हेचं. सकाळची फेरी असते तेव्हा चॅपेलमधून (इस्पितळातल्या प्रार्थनाघरातून) कम्युनियन घेऊन खाटेमागून खाट करायची. आणि फोन येतो तेव्हा, बहुतेकदा रात्री, अतिदक्षता विभागात जाऊन रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी, द्यायचा. दोन्हीकडे वस्तू ठेवायला जागा नाही, एक हात बहुधा रुग्णाच्या हातात किंवा खाटेच्या कठड्यावर, आणि प्रत्येक वस्तू दोन रुग्णांच्या मधे पुसावी लागते.

सगळ्यात आधी तेलाची डबी पाहा, कारण संच बिघडतो तो इथेच. ऑइल स्टॉक म्हणजे आट्यांच्या झाकणाची बोटभर उंचीची डबी. पेटीत बरेचदा एकावर एक बसणारी तीन कप्प्यांची डबी देतात. एक कप्पा आजाऱ्यांच्या तेलाचा, एक दीक्षार्थींच्या (बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या) तेलाचा, एक क्रिझमचा, म्हणजे सुगंधी पवित्र तेलाचा. चॅप्लिनला रोज लागतो तो पहिलाच. तीन कप्प्यांत घाईने चुकीचं झाकण फिरतं, आणि लॅटिन आद्याक्षरं इतकी बारीक कोरलेली असतात की मंद दिव्यात ती वाचता येत नाहीत. क्रिझमला बाल्समचा सुगंध असतो, आजाऱ्यांच्या तेलाला नसतो, म्हणून वासाने फरक कळतो. पण नाकावर मास्क असताना त्याचा उपयोग नाही. एकाच कप्प्याची, झाकणावर ठळक खूण असलेली डबी घ्यावी. क्रिझमची वेगळी डबी चॅपेलमध्ये ठेवली की पुरते. मरणोन्मुख रुग्णाला दृढीकरण, म्हणजे क्रिझम लावून बाप्तिस्मा दृढ करण्याचा संस्कार, द्यायची मुभा कोणत्याही धर्मगुरूला आहे, पण तशी वेळ क्वचित येते.

आता गळती. डबीत तेल मोकळं ओतायचं नसतं. तळाशी कापूस बसवून तो भिजेल एवढंच, म्हणजे दोन-तीन मिलिलिटर तेल घालायचं. अंगठा दाबला की ओला व्हावा, डबी उलटी केली तर थेंब पडू नये, हे प्रमाण. तरीही मुंबईच्या उन्हाळ्यात, झग्याच्या खिशात अंगाच्या उबेने तेल पातळ होतं आणि आट्यांतून झिरपत वर येतं. म्हणून झाकणात वॉशर हवा. साधा रबरी वॉशर तेलाने फुगतो आणि काही महिन्यांत झाकण नीट बसेनासं होतं. नायट्राइलचा किंवा सिलिकॉनचा टिकतो. दुकानात हे कुणी विचारत नाही, विचारलं तर विक्रेता बावचळतो. स्वतः झाकण उघडून बघा. आत नुसता धातूवर धातू असेल तर ती डबी काचेच्या कपाटासाठी आहे, खिशासाठी नाही.

दुसरा बिघाड पितळाचा. तेल जुनं होताना त्यात आम्लं तयार होतात आणि ती तांब्याशी भिडतात. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवावं तसं कळकतं. कापूस हिरवा पडला की समजावं, आतला मुलामा गेला. असा कापूस तेलासकट जाळायचा, डबी पुन्हा मुलामा देऊन घ्यायची किंवा सरळ बदलायची. आत काचेची किंवा स्टीलची वाटी बसवलेली डबी मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही. कापूस औषधांच्या दुकानातला सर्जिकल घ्यावा आणि वर्षभर तोच चालवू नये. आजाऱ्यांचं तेल बिशप दरवर्षी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी किंवा त्याआधीच्या क्रिझम मिस्सेत (खास उपासनेत) आशीर्वादित करतात. नवं आलं की जुनं जाळायचं, आणि त्याच दिवशी डबी कढत पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, नवा कापूस बसवायचा. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर खवट होतं.

तेल ऑलिव्हचंच हवं असं नाही. सहावे पोप पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ च्या आदेशाने दुसरं वनस्पतिजन्य तेलही चालेल असं ठरवलं. डबीत मात्र आशीर्वादित तेलच हवं. ऐनवेळी ते नसेल तर धर्मगुरू स्वतः तेलाला आशीर्वाद देऊ शकतात, पण फक्त त्या विधीच्या दरम्यान. त्यामुळे डबी विसरलेल्या चॅप्लिनला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातलं शेंगदाणा तेलही चालून जातं. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम १००३ प्रत्येक धर्मगुरूला आजाऱ्यांचं तेल जवळ बाळगायची परवानगी देतं. डबी लहान असण्यामागचं कारणही तेच: ती सदैव खिशात राहिली पाहिजे. पेटीतल्या डब्या इथे नापास होतात, कारण त्या पेटीच्या खाचेसाठी घडवलेल्या असतात, रुंद बुडाच्या आणि जड.

तेल लावायचं कपाळावर आणि दोन्ही हातांवर. वॉर्डात हाताच्या पाठीवर सलाइनची सुई आणि तिच्यावर चिकटपट्टी असते; तिथे तेल लागलं तर पट्टी सुटते आणि नर्सला ते सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून तळहातावर लावावं. बोटाला ऑक्सिमीटर असेल तर तळहाताच्या मध्यावर, बोटांपासून दूर. ऑक्सिजन मास्कच्या कडेलाही तेल पोहोचू देऊ नये. कपाळावरही चमकेल इतकं नको, अंगठ्याचा ओलसर ठसा पुरे. डोक्याला बँडेज असेल तर शरीराच्या दुसऱ्या योग्य भागावर लावता येतं, आणि गरज असेल तेव्हा एकच अभ्यंग पुरतो. संसर्गाचा धोका असेल तर कलम १००० नुसार अंगठ्याऐवजी साधन वापरता येतं. कापसाची काडी हे सगळ्यात सोपं साधन. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे; लेटेक्सचे मोजे तेलाने कमकुवत होतात. वापरलेली काडी एरवी चॅपेलमध्ये नेऊन जाळतात. ती संसर्गाच्या खोलीतून बाहेर नेता येत नसेल तर पिवळ्या पिशवीत टाकावी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार दूषित कापूस त्याच पिशवीत जातो आणि पुढे जाळला जातो. चर्चची रीतही जाळण्याचीच आहे, त्यामुळे वाद उरत नाही. चामडी पाउचमध्ये काड्या ठेवायला कप्पा नसतो. तेवढ्यात तो मागे पडतो.

पिक्सकडे वळू. ही चपटी गोल डबी, तिच्यात कम्युनियनसाठीच्या ओस्ती, म्हणजे पवित्र भाकरीच्या पातळ गव्हाच्या चकत्या, नेतात. मापाबद्दल फसगत होते. लोकांना देण्याच्या ओस्तीचा व्यास साधारण २८ ते ३५ मिलिमीटर असतो, त्यामुळे बाहेरून ‘दीड इंची’ सांगितलेल्या पिक्समध्ये मोठ्या ओस्ती अडकतात आणि काढताना मोडतात. आतला व्यास विचारा, शक्य असेल तर मोजा. पाच-सहा ओस्तींची पिक्स एका तातडीच्या भेटीला ठीक. सकाळच्या फेरीला वीस-पंचवीस मावतील अशी हवी. काठोकाठ भरू नये. पावसाळ्यात ओस्ती दमट होऊन एकमेकींना चिकटतात आणि झाकणाच्या दाबाने त्यांचा चुरा होतो. चुरा हा साधा केर नाही. तोही ख्रिस्तशरीरच मानतात, म्हणून फेरी संपल्यावर पिक्समध्ये पाणी घालून खंगाळायची, ते पाणी प्यायचं, मग डबी पुसायची. यासाठी आतला कोपरा गोलाकार असावा. काटकोनी तळाच्या पिक्समध्ये कण कडेला अडकून बसतात, आणि स्वस्त पिक्सा नेमक्या तशाच निघतात.

बिजागरीची, कडी लावायची पिक्स आट्यांच्या पिक्सपेक्षा चांगली, कारण ती एका हाताने उघडते. कडी मात्र घट्ट हवी. सैल कडी खिशात उघडते. आतून सोन्याचा मुलामा असावा. बाहेरून काहीही असो, फक्त लाखेचा चकचकीत थर नको. वॉर्डातल्या स्पिरिटने पुसलं की तो थर चट्ट्याचट्ट्यांनी निघतो. ब्लीचच्या पाण्याने तर पितळ आणि स्टील दोन्ही खराब होतात. साबणाचं पाणी, मग कोरडं मऊ कापड, एवढंच करावं. पिक्स गळ्यात अडकवायची कापडी पिशवी, म्हणजे बर्स, बहुतेक संचांत वेलवेटची देतात. वेलवेट पुसता येत नाही आणि रुग्णाच्या अंगावर वाकलं की दोरी लोंबून सलाइनच्या नळीत गुंतते. सुती, धुता येणारी, आखूड दोरीची शिवून घ्यावी. गावातला कुठलाही शिंपी तासाभरात शिवून देईल.

कम्युनियन देण्याआधी खाटेवरची पाटी पाहणं आणि नर्सला विचारणं सक्तीचं मानावं. ‘एनबीएम’ लिहिलं असेल, म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नसेल, तर प्रार्थना करावी, आशीर्वाद द्यावा आणि पुढे जावं. शस्त्रक्रियेच्या सकाळी हे हटकून आडवं येतं आणि नातेवाईक आग्रह धरतात, ऐकू नये. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळताना ठसका लागतो, त्याला ओस्तीचा अगदी बारीक तुकडा आणि परवानगी असेल तर चमचाभर पाणी. ज्याला घन काहीच चालत नाही त्याला पवित्र द्राक्षरसाच्या रूपात कम्युनियन देता येतं, पण त्यासाठी घट्ट बुचाचं वेगळं पात्र लागतं आणि ते कुठल्याही तयार संचात दिसत नाही. ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी कमी ग्लूटेनच्या ओस्ती वेगळ्या पिक्समध्ये ठेवाव्या. गव्हाचा अंशच नसलेली ओस्ती विधीला चालत नाही.

मेणबत्त्यांबद्दल फार लिहायला नको. जिथे ऑक्सिजन चालू आहे तिथे ज्योत नाही, एवढंच. पेटीतल्या मेणबत्त्या घरी न्या. दिवा हवाच असेल तर बॅटरीवरचा लहानसा मिळतो. पवित्र पाण्याची बाटलीही वॉर्डात जपून वापरावी. दिवसेंदिवस साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात, म्हणून अतिदक्षता आणि भाजलेल्यांच्या विभागात शिंपडणं टाळावं. नवजात बाळाच्या तातडीच्या बाप्तिस्म्यासाठी बाटलीपेक्षा नर्सकडून घेतलेली निर्जंतुक पाण्याची कुपी उत्तम. डोक्यावरून पाणी वाहिलं पाहिजे, नुसतं टिपून चालत नाही. पण त्याला काही मिलिलिटर पुरतात आणि काचपेटीतलं अंथरूण ओलं होत नाही. धर्मगुरू पोहोचेपर्यंत वेळ नसेल तर नर्सही हा बाप्तिस्मा देऊ शकते, मग ती कोणत्या का धर्माची असेना. चर्च जो हेतू धरतं तोच तिने धरला आणि शब्द बरोबर उच्चारले की झालं. प्रसूतिविभागाला ते शब्द लिहिलेलं कार्ड देऊन ठेवणं हे चॅप्लिनचं काम.

स्टोल एका बाजूने जांभळा, दुसऱ्या बाजूने पांढरा असा दुहेरी घ्यावा. जांभळा पापनिवेदनाला, पांढरा अभ्यंग आणि कम्युनियनला, आणि बाजू फिरवायला दोन सेकंद लागतात. जरीकाम नको. जरीचा स्टोल धुता येत नाही आणि लांब टोकं खाटेच्या कठड्याला घासतात. दोन-अडीच इंच रुंदीचा, कमरेच्या वरच संपणारा सुती स्टोल, आणि तसे दोन, म्हणजे एक धुवायला. विधीचं पुस्तक जाड असेल तर वॉर्डात पानं उलटायलाच हात पुरत नाहीत. अभ्यंगाची वाक्यं आणि मरणोन्मुखांसाठीच्या प्रार्थना मराठी, कोकणी आणि इंग्रजीत छापून लॅमिनेट केलेली तीन कार्डं खिशात बसतात आणि पुसता येतात. वसईच्या रुग्णाला शेवटच्या घटकेला इंग्रजी प्रार्थना ऐकवण्याचं काही कारण नाही.

एक वस्तू कुठल्याच संचात देत नाहीत: तारीख लिहायची छोटी चिठ्ठी आणि पेन. अभ्यंग झाला की तारीख, वेळ आणि काय काय दिलं, पापनिवेदन झालं असेल तर तो उल्लेख वगळून, लिहून नातेवाइकांकडे द्यावं. त्याच आजारात प्रकृती आणखी बिघडली किंवा बरा होऊन माणूस पुन्हा आजारी पडला तर अभ्यंग परत देता येतो; तसं काही नसताना रात्रपाळीचे आणि दिवसाचे फादर पाठोपाठ तेल लावतात, ते या चिठ्ठीमुळे टळतं. चॅपेलच्या वहीतली नोंद वेगळी, ती करायचीच.

लाकडी पेटी इस्पितळासाठी घेऊ नये. दीर्घ आजारी माणूस असलेल्या घरात ती शोभते आणि कामालाही येते. चेनचा पाउच निम्मा चांगला आहे. चामड्याऐवजी पुसता येणाऱ्या रेक्झिनचा घ्यावा, आतली पिक्स ठेवावी, तेलाची डबी पहिल्याच दिवशी बदलावी. आमची पसंती सुट्या वस्तूंना: वॉशरची एककप्पी डबी, बिजागरीची मध्यम पिक्स, दोन सुती स्टोल, तीन कार्डं, काड्यांची पुडी. भेट देणाऱ्याला ते ओबडधोबड वाटेल, म्हणून हवं तर सगळं एका साध्या कापडी पिशवीत घालून द्या. पिक्सवर नाव कोरून घेणार असाल तर बाहेरून, तेही उथळ; खोल कोरलं की मुलामा तिथूनच सुटायला लागतो. आणि खरेदी पवित्र सप्ताहाच्या आधी उरका, म्हणजे नवं तेल येईल तेव्हा डबी धुऊन, वाळवून तयार असेल.