नौपाड्यातलं एक्स-रे सेंटर : खेळाच्या मास्तराचा अभिप्राय

शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळे ठाण्यातली एक्स-रे सेंटरं मला चहाच्या टपऱ्यांसारखी पाठ आहेत. कबड्डी, खो-खो, आषाढ लागला की दहीहंडीचा सराव. कुणाचं ना कुणाचं मनगट वर्षभर सुजलेलंच असतं. नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत असलेल्या ज्या सेंटरबद्दल लिहितोय, तिथे पोरांना न्यायला मला बरं वाटतं, आणि त्याचं कारण मशीन नाही. मशीन डिजिटल आहे, फोटो काही सेकंदांत पडद्यावर येतो, पण हल्ली ते बऱ्याच ठिकाणी असतं. मोडलेला हात त्या मशीनखाली कोण ठेवतं आणि कसा ठेवतं, खरा फरक तिथे पडतो.

गेल्या पावसाळ्यात आमचा सातवीतला रेडर पकडीतून सुटताना हातावर पडला. कोपर टम्म फुगलं. पुठ्ठ्याचा आधार देऊन, झोळीत हात अडकवून जवळच्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही इथे आलो. टेक्निशियन ताईंनी झोळीला हातच लावला नाही. आधी बोटं हलवायला सांगितली, नखं दाबून लाली परत येते का पाहिलं, मग म्हणाल्या, "कुठे दुखतंय ते तूच दाखव राजा, मी नाही हात लावणार." पोरगं तिथेच निम्मं सैल झालं.

कोपराचा बाजूने फोटो काढायचा तर हात काटकोनात, अंगठा वर आणि खांदा, कोपर, मनगट एका पातळीत लागतं. खांदा वर राहिला की हाडं तिरकी दिसतात आणि डॉक्टरांना काही कळत नाही. ताईंनी बुटकं स्टूल आणलं, त्याचा खांदा टेबलाच्या उंचीला आणला, मनगटाखाली फोमचा ठोकळा सरकवला. समोरून काढायच्या फोटोला हात सरळ हवा. तो होईना. मुलाचे बाबा आपले, "अरे कर की सरळ, दोन मिनिटांचं काम आहे!" ताईंनी त्यांना शांतपणे बाहेर बाकावर बसवलं. कोपराच्या वर हाड मोडलं असेल तर ओढाताणीत त्याचं टोक नसेला किंवा रक्तवाहिनीला लागू शकतं. म्हणून त्यांनी समोरून दोन वेगळे फोटो काढले, एकदा दंड टेबलावर टेकवून आणि एकदा कोपरापुढचा हात टेकवून. हात वाकलेलाच राहिला, आणि डॉक्टरांना हवं ते सगळं दिसलं. दुसरीकडे मी पोरांना किंचाळताना ऐकलंय, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

फोटोत मला भेग दिसली नाही. रिपोर्टमध्ये मात्र रेडिओलॉजिस्टनी लिहिलं होतं की कोपराच्या मागे चरबीची काळसर पट्टी दिसते आहे. एरवी ती हाडाच्या खोबणीत दडलेली असते. सांध्यात रक्त साचलं की बाहेर ढकलली जाते. मार लागलेल्या मुलात ती दिसली तर न दिसणारं फ्रॅक्चर आहे असं धरून चालतात. हाडांच्या डॉक्टरांनी स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, घातला. काही आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा हाडाच्या कडेला नव्या हाडाची पांढरी रेघ उमटलेली होती. फोटो तिरका आला असता तर ती पट्टी कुणाला दिसली असती?

आणखी एक गोष्ट आवडली. मुलांच्या हाडांना टोकाशी वाढीच्या चकत्या असतात, त्या फोटोत भेगेसारख्याच दिसतात. काही ठिकाणी तुलनेच्या निमित्ताने चांगल्या हाताचाही फोटो काढून बिल वाढवतात. इथे डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच काढतात. पालकांना किरणांची फार भीती असते. निसर्गातूनच माणसाला जगभरात वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिसीव्हर्ट (किरणांचं माप) मिळतात, आणि मनगटाच्या एका फोटोचा हिशेब मिलिसीव्हर्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे. जपायचं ते रोज तिथे उभ्या राहणाऱ्यांना. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना भिंतीवर आहे (मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला), आणि ताईंच्या छातीवर किरणं मोजणारा बॅज असतो. स्टेशनजवळच्या एका ठिकाणी तो बॅज खुंटीला टांगलेला पाहिलाय. म्हणजे मोजणार काय, भिंतीला?

आता तक्रारी. सेंटर जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घोटा दुखावलेल्याला मार लागल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा, असा नियम कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडला. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल तरीही काढावा. मैदानावर मी हेच बघतो. आणि इथे ज्याला चार पावलं टाकता येत नाहीत त्याला अठरा-वीस पायऱ्या चढायच्या! आमच्या खो-खोच्या मुलीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेली. एक तारा या जिन्यासाठी कापला.

दुसरं, व्हॉट्सॲपवर फोटो येतो तो मोबाइलने पडद्यावरून काढलेला. मोठा करून बघावं तर ठिपक्यांशिवाय काही नाही. बारीक भेग त्यात हमखास हरवते. मूळ फाइल मागून घ्या, सीडीवर देतात, पण आपण मागितल्याशिवाय देत नाहीत. फिल्म मात्र स्वच्छ असते.

दोन फोटोंचे सातशे रुपये घेतले, रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. रविवारी दुपारी एकला शटर खाली, आणि शालेय सामने नेमके रविवारी.

मान, पाठ किंवा डोक्याचा मार असेल तर इथे आणूच नका. दहीहंडीच्या सरावात चौथ्या थरावरून पडलेल्या एका गोविंदाला मित्र रिक्षातून घेऊन आले होते. मान दुखतेय म्हटल्यावर ताई स्वतः खाली आल्या. त्याला रिक्षातून उतरू दिलं नाही, मागून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायला एकाला बसवलं आणि १०८ला फोन लावला. असा पेशंट सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच गेला पाहिजे. गिऱ्हाईक दारात आलं असताना परत पाठवणारं सेंटर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.