बाइट ऑर्डर कुठे सांगायची? डिकोडर लिहिण्याच्या तीन पद्धती

नेटवर्कवरून ०० ५० असे दोन बाइट आले (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर). बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) धरून वाचले तर ८०, म्हणजे एचटीटीपीचं पोर्ट. लिटल एंडियन (लहान किमतीचा आधी) धरलं तर २०४८०. हा क्रम म्हणजेच बाइट ऑर्डर. दोन्ही वैध पोर्ट नंबर, त्यामुळे कोड ना क्रॅश होतो ना एरर देतो. म्हणून डिकोडरसाठी, म्हणजे अशा बाइटचा अर्थ लावणाऱ्या कोडसाठी, लायब्ररी निवडताना वेगाआधी मी हे बघतो: बाइट ऑर्डर आणि टेक्स्टचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिली आहेत ते) ती आपल्याला लिहायला लावते, की परस्पर गृहीत धरते?

सीमध्ये बफरवर (आलेल्या बाइटवर) थेट स्ट्रक्ट, म्हणजे फील्डांचा साचा, बसवून हवं तिथे बाइट उलटवणं सगळ्यात सुटसुटीत दिसतं. पण मधलं पॅडिंग (भरीचे बाइट) आणि बिटफील्डचा (काही बिटांच्या फील्डांचा) क्रम कंपायलरच्या हातात असतो, आणि एखाद्या फील्डचं रूपांतर राहून गेलं तर कोणी टोकत नाही. नव्या कोडसाठी ही पद्धत नकोच.

पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये ऑर्डर फॉरमॅट स्ट्रिंगच्या पहिल्या चिन्हावर ठरते: नेटवर्क ऑर्डरला !, लिटल एंडियनला <. चिन्ह टाकलंच नाही तर चालू मशीनची ऑर्डर लागते आणि शिवाय अलाइनमेंटही, म्हणजे फील्ड ठरावीक जागी बसावं म्हणून मधे भर. एक बाइट आणि त्यामागे चार बाइटचा पूर्णांक, असे ५ बाइट अपेक्षित असताना बहुतेक मशीनवर ८ मागितले जातात. लॉग चाळायला, छोट्या स्क्रिप्टला हे मॉड्यूल उत्तम. अडचण एवढीच की एक चिन्ह अख्ख्या स्ट्रिंगला लागू होतं. फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल एसएमबी २ घ्या: टीसीपीवर पुढे असणाऱ्या ४ बाइटच्या हेडरमधली लांबी बिग एंडियन, आणि त्यामागचा मेसेज लिटल एंडियन. इथे दोन तुकडे करून वाचावं लागतं, आणि टेक्स्ट वेगळं डिकोड करावं लागतं.

नेटवर्कवरची पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कच्या सी डिसेक्टरमध्ये (एका प्रोटोकॉलच्या डिकोडरमध्ये) प्रत्येक फील्ड ट्रीत, म्हणजे दाखवायच्या यादीत, घालताना शेवटचा आर्ग्युमेंट एन्कोडिंगचा असतो. लिहायला कंटाळवाणं, पण वाचणाऱ्याला स्पेसिफिकेशन शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघता येते. लांबी आधी आणि मजकूर नंतर अशा स्ट्रिंगला तर दोन्ही एकत्र देता येतात: ऑर्डर त्या लांबीसाठी, यूटीएफ ८ हे एन्कोडिंग मजकुरासाठी. सावध राहायचं ते एका बाबतीत. 'बिग एंडियन', 'आस्की' (इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) आणि 'लागू नाही' या तिन्ही स्थिरांकांची किंमत शून्यच आहे. दोन बाइटच्या आकड्याला 'लागू नाही' दिलं तरी तो गुपचूप बिग एंडियन वाचला जातो. स्ट्रिंगला दिलं तर आस्की धरलं जातं आणि देवनागरी मजकुराच्या जागी बदली चिन्हं दिसतात.

यूटीएफ ८ ला बाइट ऑर्डरचा प्रश्न नाही, यूटीएफ १६ ला आहे. लिटल एंडियनमधला 'अ' म्हणजे ०५ ०९; तेच बाइट बिग एंडियन वाचले की सिरिलिक लिपीतलं एक अक्षर समोर येतं.

माझं मत असं: चार-पाच फील्डांचं काम असेल तर पायथन, चिन्ह न चुकता. प्रोटोकॉल वर्षानुवर्षं सांभाळायचा असेल, किंवा त्यात दोन्ही ऑर्डर मिसळलेल्या असतील, तर डिसेक्टर. सी नको असेल तर वायरशार्कमधली लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा चालेल, पण तिथे साधं ॲड आकडे बिग एंडियन धरतं आणि लिटल एंडियनसाठी वेगळं ॲड_एलई आहे. एन्कोडिंग उघड मागणारं ॲड_पॅकेट_फील्ड वापरलेलं बरं.