अंबाजोगाईतला 'बुद्धी आणि भावना' वर्ग : तिसरं सत्र चुकवू नका

अंबाजोगाईच्या एका वाचनालयात पाश्चात्त्य विचारातल्या बुद्धी-भावनेच्या झगड्यावर सहा रविवारांचा वर्ग चालू आहे. शुल्क 600 रुपये, दोन-दोन तासांची सत्रं, वर 40 पानांची झेरॉक्स टिपणं.

पहिलंच सत्र घसरतं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं आत्म्याला रथाची उपमा दिली. त्या रथात सारथी म्हणजे बुद्धी आणि काळा घोडा म्हणजे भावना, एवढ्यावर भागवलंय. पण घोडे दोन आहेत. पांढरा घोडाही भावनाच, मानाची आणि लाजेची. तो सारथ्याच्या नुसत्या शब्दावर चालतो. त्याला हाताशी धरूनच काळ्याला आवरायचं असतं. कठोपनिषदातला रथ शेजारी ठेवला असता तर फरक चटकन कळला असता: तिथं घोडे म्हणजे इंद्रियं, मन हा लगाम.

टिपणांची खरी खोट भाषांतरात आहे. 'पॅशन'ला सरसकट 'भावना' म्हटलंय. मूळ लॅटिन शब्दात सोसण्याचा अर्थ आहे, त्यामुळे 'विकार' जास्त जवळचा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं 1649 मध्ये असे सहा मूळ विकार सांगितले: विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद, दुःख. ते स्वभावतः चांगलेच, फक्त गैरवापर आणि अतिरेक टाळा, असंही तो म्हणतो. टिपणांत मात्र तो भावनेचा वैरी! 'रीझन'साठी बुद्धी, तर्क, विवेक हे शब्द कसेही फिरवलेत. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी असलेल्या गावात निदान 'विवेक' तरी जपून वापरायचा.

तिसरं सत्र स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचं, आणि पैसे तिथंच वसूल होतात. बुद्धी ही विकारांची दासी, हे त्याचं 1739-40 मधलं म्हणणं सोयाबीन-कापसाच्या हिशेबातून समजावलंय. भाव, पाऊस, खर्च बुद्धी मोजून देते. पण पोरीला शिकवायचं म्हणून पैसा हवा, ही ओढ हिशेबातून निघत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं चौथं सत्र याच्यापुढं फिकं वाटतं. पाचव्यात इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थचं अर्धंच वाक्य फळ्यावर येतं, उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उमाळा म्हणजे कविता. त्याच वाक्यात पुढं दीर्घ आणि खोल विचाराची अट आहे, ती गाळलीय.

शेवटच्या सत्रात स्पॅनिश चित्रकार गोयाचं 1799 चं चित्र आहे: मेजावर डोकं टेकलेला माणूस, मागं घुबडं, वटवाघळं. चित्रावर स्पॅनिश ओळ आहे, 'बुद्धीचा सुएन्यो राक्षस जन्माला घालतो'. त्यातला 'सुएन्यो' म्हणजे झोपही आणि स्वप्नही. म्हणजे बुद्धी झोपली म्हणून राक्षस आले, की तिनं स्वप्न पाहिलं म्हणून? यावर चर्चा छान रंगते. मात्र प्रोजेक्टर मंद आहे आणि मागच्या खिडकीला पडदा नाही. वटवाघळं दिसायला हवी असतील तर पहिल्या दोन रांगांतच बसा.