बेळगावच्या उद्यमबागेत बांधलेलं इंजिन की नवं हाफ इंजिन? १.३ डिझेलवाल्यांसाठी

स्विफ्ट, डिझायर, अर्टिगामधलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ही इंजिनं अजून रोज राबतात. ऑइल प्यायला लागलं, डिपस्टिकच्या नळीतून धूर येऊ लागला की प्रश्न पडतो: बांधायचं (उघडून, झिजलेले भाग दुरुस्त करून पुन्हा जोडायचं) की बदलायचं?

उत्तर गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडू नका, मापावर ठरवा. बोअर गेजनं (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजायचं साधन) प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजून घ्या. मूळ बोअर ६९.६ मि.मी. आहे. झीज किंवा लंबगोलपणा साधारण ०.०५ मि.मी.च्या आत असेल तर होनिंग (सिलिंडरची आतली भिंत दगडानं हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं. त्यापुढे रिबोअर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा करून त्यात मोठ्या मापाचे, ओव्हरसाइझ पिस्टन घालणं. मात्र ओव्हरसाइझ पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजा आणि मगच ब्लॉक मशीनवर चढवा. उलटं केलं तर पिस्टन मिळेपर्यंत ब्लॉक पडून राहतो.

लेथकामाला बेळगावात, म्हणजे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, तोड नाही. फाउंड्री आणि मशीनिंग हा या गावाचा जुना धंदा आहे. क्रँक घासताना जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोपऱ्यातली गोलाई ठेवायला मात्र बजावून सांगा. कोपरा धारदार राहिला की तिथूनच तडा जातो.

इथल्या कामाचे गुण कापावे लागतात ते साफसफाईसाठी. होनिंगची बारीक पूड केरोसिननं निघत नाही, तेलासोबत धातूच्या रंध्रांत बसते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासायचा, पांढरं फडकं आतून फिरवायचं. फडकं करडं निघालं की पुन्हा धुवायचं. पांढरंच राहिलं की लगेच ऑइल लावायचं, नाहीतर तासाभरात गंज धरतो. क्रँक आणि ब्लॉकची ऑइलची भोकंही आरपार साफ झालेली पाहिजेत. बेअरिंग वितळलेलं असेल तर त्याचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकतो. तो कूलर बदलाच. बांधलेलं इंजिन काही महिन्यांत पुन्हा जाम होतं, त्यामागे बहुतेक वेळा हाच चुरा असतो.

हेडची हायड्रो टेस्ट (दाबानं पाणी भरून तडा, गळती शोधणं) चुकवू नका. हेडचे बोल्ट नवे घाला, टायमिंग चेन, गाइड आणि टेन्शनरही त्याच वेळी. चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि सगळा खर्च पाण्यात.

ब्लॉकला तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल तर बांधणीचा हट्ट सोडा आणि नवं हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन बसवलेला इंजिनाचा खालचा भाग) शोधा. हेड, टर्बो, इंजेक्टर जुनेच वापरायचे असल्यानं त्यांची तपासणी टळत नाही.

मुंबईतल्या कुर्ल्याच्या बाजारातलं जुनं इंजिन स्वस्त दिसतं, पण आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलतो. बिल घ्या आणि आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवून घ्या, गाडी केए २२ (बेळगाव) असो वा केए २३ (चिकोडी). नंबर जुळला नाही तर विम्याचा क्लेम अडकतो.

पहिले हजार किलोमीटर वेग बदलत चालवा, भरल्या गाडीनं चोर्ला घाट चढू नका. हजारला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि निघालेलं ऑइल उन्हात धरून त्यात धातूच्या कणांची चकाकी दिसते का ते बघा.